प्रायमर लावलेली मातामाय

माझ्या नातीला शाळेत 'माझी आजी' या विषयावर बोलायचं होतं. ती वर्गात उभी राहून म्हणाली, "माझी आजी नगर परिषदेत रेघा ओढायची." सगळा वर्ग हसला म्हणे. मला राग आला, पण तिचं चुकलं कुठं? मी रेघाच ओढल्या. निवृत्तीनंतर भद्रावतीला लेकीकडे राहायला आले, तर इथं आजूबाजूला सगळे ऑर्डनन्स फॅक्टरीतले पेन्शनर. त्यांना कोणी विचारत नाही, बाबा रे, तू तिथं नेमकं काय करत होतास. मी नगररचना विभागात आरेखक होते म्हटलं की मात्र शेजारीण विचारते, "म्हणजे रांगोळी छान येत असेल तुम्हाला?"

रांगोळी मला येत नाही. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

गावाचा एक विकास आराखडा असतो. पुढची वीस वर्षं घरं कुठं होतील, दुकानं कुठं, शाळा कुठं, मसणवटा कुठं, हे रंगवून दाखवलेला भलामोठा नकाशा. गाव नदीकाठचं असलं की त्यावर आणखी दोन रेघा येतात, एक निळी आणि एक लाल. पंचवीस वर्षांतून एखाद वेळी पाणी जिथवर चढतं ती निळी. शंभर वर्षांतून एखाद वेळी चढतं ती लाल. निळीच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, बांधकाम करायचं नाही. शेती करा, बगिचा करा, पोरं खेळू द्या, पण भिंत नाही आणि छप्पर नाही; कुंपण घालायचंच तर तारेचं, पाणी आरपार जाईल असं. दोन रेघांच्या मधे बांधा, पण जोतं उंच घ्या. शिवाय आमच्या आराखड्यात काठाला लागून एक हिरवा पट्टा होता. त्यातलं झाड तोडायचं नाही, झुडूप उपटायचं नाही आणि नदीवर जायची वाट कोणी अडवायची नाही. झाला नियम. पाचवीतल्या पोराला कळेल इतका सोपा आहे. ज्यांना कळत नसे ते सगळे माझ्या टेबलासमोर येऊन बसत.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं नाही तरी वैनगंगेच्या काठची चार गावं म्हणतील, हे आमचंच. म्हणू द्या.

माझ्या टेबलासमोर काय काय आलं, सांगू? एक गुरुजी आले. म्हणाले, "म्याडम, मी स्लॅब खांबांवर टाकतो. पानी खालून जाईन, मी वरतून पाहीन. तुमची रेघ तं जमिनीवर हाय ना?" एक डॉक्टर आले. त्यांचा निळ्या रेषेतला दुमजली बंगला कागदावर गोठा होता. पाहणीला गेले तर गोठ्यात एसी चालू, आणि सोफ्यावर डॉक्टरांचे सासरे बसलेले. "ढोरं कुठं आहेत?" असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "चरायला गेलीत." सासऱ्यांनीही मान डोलावली. एक आजोबा तर रेघ सरकवायला आलेच नव्हते. त्यांची मागणी होती की नदीच थोडी पलीकडे सरकवा, पलीकडं सरकारचंच जंगल आहे, कोण बोलणार! त्यातल्या त्यात मला ही मागणी प्रामाणिक वाटली.

सगळ्यांचं शेवटचं वाक्य मात्र एकच असे. "एवढीशीच तं सरकवाची हाय, म्याडम. पेन तं तुमच्याच हातात हाय." पेन माझ्या हातात होतं हे खरं. हात कोणाच्या हातात होता, ते विचारू नका.

आमच्याकडे साहेब दोन प्रकारचे येतात, शिक्षा म्हणून आलेले आणि बदलीच्या वाटेवर डबा खायला थांबलेले. नियमाची बाजू घ्यायला दोघांनाही वेळ नसतो. एका साहेबांच्या काळात काठावर 'सार्वजनिक करमणुकीसाठी' उद्यान झालं. नियमात बसत होतं, मीच रंगवलं हिरव्या रंगात. झालं काय, तर काठावरची करंजं आणि जांभळं काढून विलायती गवत आणलं, पेव्हर ब्लॉक घातले, फाटक बसवलं आणि तिकीट लावलं. आत पाटी लागली: 'येथे कपडे धुण्यास, गुरे पाजण्यास व मासे पकडण्यास सक्त मनाई आहे.' म्हणजे ज्यांची नदीवर रोज ये-जा होती तेवढे सोडून बाकी सगळ्यांसाठी नदी खुली झाली. धुणं धुणाऱ्या बाया वरच्या रस्त्यावरून कुंपणाकडे पाहत उभ्या राहायच्या. ते मला अजून टोचतं.

त्या उद्यानाच्या खालच्या अंगाला ढिवर मोहल्ल्याचा, म्हणजे मासेमारांच्या वस्तीचा घाट. घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत. दोन्हीकडे उभी दरड, मधे जरा उताराची जागा, एक जुना कहू, ज्याला पुस्तकात अर्जुन म्हणतात, आणि त्याखाली बांधलेले लाकडी डोंगे. जाळी सुकवायची तिथंच, डोंगा लावायचा तिथंच. सगळ्या काठात डोंगा लागेल अशी तेवढीच जागा. मोहल्ल्यातून एक पायवाट खाली येते. ती बंद झाली तर डोंगा पाण्यात टाकायला जागा नाही, आणि डोंगा पाण्यात गेला नाही तर सकाळच्या बाजारात झिंगे नाहीत. मोहल्ला त्यावरच जगतो. कहूच्या खाली पाण्यापर्यंत दाट झुडपं आहेत. त्यांच्या मुळ्यांत मासोळ्या अंडी घालतात, म्हणून त्या झुडपांना मोहल्ल्यातलं कोणी चुलीसाठीसुद्धा हात लावत नाही.

मग एका वर्षी वरून हुकूम आला की निळी रेष नुसती नकाशावर ठेवू नका, जमिनीवर दाखवा. जागोजाग सिमेंटचे दगड गाडा आणि निळे रंगवा. ठेकेदार नेमला. मी टेप, दुर्बीण आणि दोन माणसं घेऊन काठाकाठानं निघाले. घाटावर पोचलो तेव्हा कहूच्या बुंध्याशी खड्डा खणायला घेतला, आणि वरून आवाज आला.

"काऊन व बाई? हा गोटा काऊन गाडून राह्यल्या इथी?"

ही पार्बताबाई. मोहल्ल्यातली सगळ्यात मोठी बाई, बाजारात तिच्या टोपलीशी भाव करायची तहसीलदारालाही हिंमत नसे. कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पूर इथवर येतो म्हणून खूण आहे," मी म्हटलं.

"हे पान्याले माईत नाई का?"

"पाण्याला माहीत आहे हो. लोकांना माहीत नाही."

"आमाले माईत हाय ना. ज्यायले माईत नाई त्यायच्या दारात गाडा. आमच्या घाटावर कायले?"

बोलणं बरोबर होतं, पण अंदाजपत्रकात ज्यांना माहीत नाही त्यांच्या दारात दगड गाडायची तरतूद नव्हती. मी तिला समजावलं की हा दगड तुमच्याच भल्याचा आहे, याच्या खाली कोणी भिंत घालणार नाही. तिनं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पाहू," म्हणाली.

आता इथं झालेली गंमत ऐका. सगळे दगड निळे रंगवत ठेकेदाराची माणसं घाटाशी आली आणि निळा रंग संपला. सिमेंटवर रंग धरावा म्हणून आधी प्रायमरचा हात मारतात. ठेकेदारानं स्वस्तात मिळालं म्हणून लोखंडाच्या गेटाला लावतात ते तांबडं प्रायमर आणलं होतं, रेड ऑक्साइड. तर या शेवटच्या दगडाला तेवढाच तांबडा हात बसला. "निळा उद्या मारतो, म्याडम," ठेकेदार म्हणाला. सरकारी उद्याला किती आयुष्य असतं ते तुम्हाला सांगायला नको. दगड कहूच्या बुंध्याशी तसाच राहिला, तांबडा आणि गोल डोक्याचा. त्याचं बिल मात्र निळं निघालं.

त्या पावसाळ्यात पूर आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि एका सकाळी वैनगंगा घाट गिळून वर चढायला लागली. मोहल्ल्यानं भांडीकुंडी बांधून ठेवली. पाणी डोंग्यांच्या जागेवरून झुडपांवर आलं, झुडपांवरून कहूच्या बुंध्याशी आलं, त्या तांबड्या दगडाला लागलं आणि थांबलं. दिवसभर तिथंच डुचमळत राहिलं, आणि मग उतरायला लागलं.

आता तुम्ही शिकलेले लोक म्हणाल, त्यात काय नवल? पाणी जिथं थांबतं तिथंच तर आम्ही दगड गाडला होता. मीही हेच म्हणत होते! पण त्या मोहल्ल्यात जुनी रीत आहे. पूर चढून जिथं थांबतो, तिथं बाया नदीची ओटी भरतात, हळदकुंकू वाहतात, 'आता माघारी जाय माय' म्हणून हात जोडतात. या खेपेला पाणी थांबलं तिथं बसलेला होता तांबडा दगड. ओटी तिथंच भरली गेली. कोणी शेंदूर लावला, कोणी बांगड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणालं, मायनंच पानी अडोलं. तिसऱ्या दिवशी ती मातामाय झाली.

मी पंचनाम्याला गेले तर दगडापुढे उदबत्ती. म्हटलं, "पार्बताबाई, अहो, हा आमचा दगड आहे. प्रायमर आहे ते, शेंदूर नाही."

"आता शेंदूर हाय," ती म्हणाली. "आन चप्पल काहाडून बोला."

मी चपला बाजूला काढल्या आणि पाण्याची उंची मोजली. खात्याचं गणित अगदी चोख ठरलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत आमचं गणित इतकं बरोबर एकदाच आलं, आणि त्याचं श्रेय देवीला गेलं.

आता गजूभाऊ. आमच्याकडे 'भाऊ' लावल्याशिवाय कोणाशीच बोलत नाहीत, पण काही माणसांच्या नावात भाऊ असा उच्चारतात की समोरच्यानं खुर्ची सोडावी. गजूभाऊंची काठावर जमीन होती, उद्यान आणि घाट यांच्या मधली. त्यांना तिथं लॉन करायचं होतं. आमच्या विदर्भात लॉन म्हणजे गवत नाही. लॉन म्हणजे लग्नाचा कारखाना. त्याला स्टेज लागतं, स्वयंपाकघर लागतं, खोल्या लागतात, डीजे लागतो, आणि गवत फक्त पत्रिकेत छापायला लागतं.

"म्याडम," गजूभाऊ खुर्चीत सैलावून म्हणाले, "तुमची निळी रेघ माया लॉनच्या पूरी मदातून जाते ना."

"रेघ आधीची आहे, भाऊ. लॉन नंतर आलं."

"टेंशन नका घेऊ. मी काई बांधून नाई राह्यलो. कोरपन्याकडून थोडं सिमेंट येऊन राह्यलं, आलापल्लीहून थोडं सागवान. नदीकाठी नवरदेव-नवरीचा फोटो निंगाले पायजे, बस. आन तो ढिवरायचा घाट लय घाण दिसते फोटोत. डोंगे, जाळे, झुडपं. तेवढी सफाई करून देतो मी. माया खर्चानं."

काठावरच्या झाडझुडपाला गजूभाऊ 'कचरा' म्हणत आणि ते काढून टाकण्याला 'सफाई'. मी नाही म्हणून लेखी टिपण दिलं. साहेबांनी त्यावर 'चर्चा करू' असा शेरा मारला. तेव्हा होते ते पुण्याकडचे साहेब, डबा खायला थांबलेल्यांपैकी. माणूस सभ्य होता. कोणाशी भांडायचं नाही एवढा एकच त्यांचा नियम, आणि तो मात्र ते काटेकोर पाळत.

त्यानंतर दगडांना पाय फुटले. हिवाळ्यात मी काठानं फिरले तर निळे दगड एकेक करून नदीकडे चाललेले. उद्यानाशी होता तो दगड पार चिखलात उतरला होता. गजूभाऊंच्या जमिनीतले तर सगळेच पाण्याच्या कडेला ओळीनं उभे, ढोरं पाणी प्यायला उभी राहतात तसे. म्हणजे निळी रेषच नदीत उतरली होती, आणि रेषेबाहेरची सगळी जमीन बांधायला मोकळी झाली होती. हलला नव्हता तो एकच दगड, घाटावरचा तांबडा.

तो कसा राहिला ते पार्बताबाईनंच सांगितलं. "जेसीबी घेऊन आला व्हता ना पोट्टा. इथवर आला, गोटा पाह्यला. खाली उतरला, चप्पल काहाडली, पाया पडला, नारळ नव्हता म्हनून आपल्या डब्यातली भाकर ठेवली मायपुढी, आन गाडी मांगं घेतली. मी तं काई बोललीच नाई."

लगेच गजूभाऊंचा अर्ज आला. नकाशावरची रेघ चुकीची आहे, जागेवर दगड वेगळीकडे आहेत, तरी जागेप्रमाणे नकाशा दुरुस्त करावा. साहेब पाहणीला आले. पाण्याच्या कडेची निळी रांग पाहून ते खूश झाले.

"अहो, हे तर स्पष्टच आहे. प्रत्यक्ष जागेवरची स्थिती अंतिम मानायला हवी."

"साहेब, दगड हलवलेत."

"तुम्ही पाहिलंत हलवताना?"

मी पाहिलं नव्हतं. मी त्यांना घाटावर नेलं. कहूच्या बुंध्याशी मातामाय बसलेली, बायांचा घोळका भोवती. "हाही त्याच रांगेतला दगड आहे. बाकीचे इतके खाली आणि हा एकटाच इतका वर कसा असेल?" साहेबांनी शेंदूर पाहिला, बांगड्या पाहिल्या, बायांचे चेहरे पाहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, हे धार्मिक स्थळ आहे. याला आपण पूररेषेचा दगड म्हणालो तर उद्या मी या चंद्रपूर जिल्ह्यातच कायमचा राहीन." अर्ज पडून राहिला. जिथं देव आहे तिथं रेघ फिरवायची छाती गजूभाऊंची नव्हती आणि साहेबांची त्याहून नव्हती. चला, मी म्हटलं, प्रायमरनं घाट वाचवला.

वाचवला कसला! गजूभाऊ काही कच्चे नव्हते. लॉनला परवानगी मिळत नाही, पण देवळाला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. चौकाचौकात फलक लागले: 'जागृत मातामाय देवस्थान, भव्य मंदिर, सभामंडप व भक्तनिवास, भूमिपूजन सोहळा.' आराखडा माझ्याचकडे आला. सभामंडपाला स्टेज होतं. मागे स्वयंपाकघर होतं. भक्तनिवासात वधूपक्षाची खोली आणि वरपक्षाची खोली असं लिहून खोडलेलं दिसत होतं. कहूच्या जागी पार्किंग, झुडपांच्या जागी पेव्हर ब्लॉक, आणि भोवती सगळीकडून भिंत, तिला एकच फाटक, गजूभाऊंच्या बाजूनं. मोहल्ल्याची पायवाट भिंतीत चिणली जात होती. लॉनच होतं ते, नुसती देवी पुढं बसवली होती.

मी पुन्हा टिपण दिलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते नियमानुसार शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच मी ते वाचलेलं नाही."

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी पार्बताबाई ऑफिसात आली. तिला मी तिथं पहिल्यांदाच पाहत होते. टोपली दाराबाहेर ठेवली, आत येऊन बाकावर बसली.

"बाई, मोहल्ला म्हनते देऊळ होऊन राह्यलं, चांगलंच हाय. पोट्ट्यायले वाटते आपल्या मायले पक्कं घर भेटन. मी म्हनलं, अरे भोकनीच्या हो, मायले घर भेटन आन तुमचा घाट जाईन. कोनी आयकत नाई." ती बाकावरून पुढं सरकली. "डोंगा कुठी लावाचा आमी? सांगा ना."

मी म्हटलं, "नियमात तर बसत नाही हे, पार्बताबाई. पण ऐकतं कोण?"

"काय लिवलं हाय नियमात? मले वाचून दाखवा. सगळं. काई सोडू नोका."

मी वाचलं. काठाचे नियम एकेक करून सोप्या मराठीत समजावले. ती डोळे मिटून ऐकत होती. दोनदा म्हणाली, "हे पुन्यांदा सांगा." मग उठली, टोपलीतले मूठभर झिंगे कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवले आणि गेली. फायलींना दोन दिवस वास येत होता.

भूमिपूजनाला मांडव पडला, अर्थातच निळ्या रेषेच्या आत. प्रमुख पाहुणे आले, साहेब आले, आम्हीही आलो, कारण खुर्च्या भरायच्या होत्या. पुढच्या रांगेत गजूभाऊंची म्हातारी आई, देवभोळी बाई, हातात ओटी घेऊन. भटजींचं झालं. पाहुण्यांनी कुदळ उचलली, आणि बायांच्या घोळक्यातून एक हुंकार आला.

पार्बताबाईचे केस सुटलेले. अंग घुमायला लागलेलं. बाया मागं सरल्या, माईकवाल्यानं गाणं बंद केलं. ती घुमत घुमत दगडापुढे आली आणि कुदळीसमोर थांबली. पाहुण्यांनी कुदळ हळूच खाली ठेवली. गजूभाऊंच्या आईनं ओटी सोडून थेट पायांवर डोकं ठेवलं. "बोल माय! काय पायजे तुले?"

"मले छप्पर नोको!" माय कडाडली. "भिंत नोको! पान्याच्या वाटंत जोतं घालाचं नाई. सिमिटाचा एक कन इथी पडला तं पाहून घेईन. ह्या झाडाची फांदी तोडाची नाई. झुडूप उपटाचं नाई, माही लेकरं हायेत त्यात. माह्याकडं येनारी वाट कोनी अडवाची नाई. फाटक नोको, तिकीट नोको. पोरं खेळतीन, ढोरं पानी पेतीन, डोंगे लागतीन!"

"हो माय, हो माय," म्हातारी रडत म्हणत होती. तिनं मागं वळून पाहिलं. "गजू! आयकलं का?"

गजूभाऊंचा चेहरा पडला होता. पण आईसमोर आणि सगळ्या गावासमोर हात जोडणं भाग होतं. ते पुटपुटले, "माय, निदान कुंपन..."

"कुंपन कराचंच असन," माय घुमत म्हणाली, "तं तारेचं कराचं. पानी आरपार गेलं पायजे."

राजेहो, आजवर मी पुष्कळ जणींच्या अंगात आलेलं पाहिलं आहे. देवी कोंबडं मागते, हिरवं लुगडं मागते, दहीभात मागते. तारेचं कुंपण मागणारी देवी मी पहिल्यांदा पाहिली. मी पदर तोंडाला लावला. शेजारी साहेब कपाळाला आठ्या घालून माझ्या कानाशी आले. "बाई, हे मी कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय."

"आपण वाचलेलं नाही, साहेब," मी म्हटलं. "आपणच म्हणाला होतात."

प्रमुख पाहुण्यांनी माईक घेतला. ते मुरलेले होते. देवीच्या इच्छेपुढे आपण कोण, आपण तर पहिल्यापासून निसर्गाचे उपासक, हे देवस्थान असंच मोकळ्या आभाळाखाली राहील, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात नवे फलक लागले, 'छप्परविरहित निसर्गरम्य देवस्थान', आणि त्यावर गजूभाऊंचा हात जोडलेला फोटो. वर्षाअखेर त्यांना कुठल्याशा मंडळानं पर्यावरणरत्न म्हणून शालही दिली. लॉन त्यांनी मग बायपासवर काढलं. तिथं माझी रेघ पोचत नाही.

मी निवृत्त व्हायच्या आठवड्यात दोन गोष्टी आल्या. एक माझी समारंभाची शाल, आणि दुसरा, भांडार विभागाकडून, निळ्या रंगाचा डबा. घाटावरच्या उरलेल्या दगडासाठी. तेव्हा मागितलेला, आता मंजूर झालेला. डबा घेऊन मी घाटावर गेले.

पार्बताबाई कहूखाली जाळं दुरुस्त करत बसली होती. डोंगे पाण्यावर हलत होते. मी शेजारी बसले. पुष्कळ दिवस मनात होतं ते विचारलं.

"खरं सांगा पार्बताबाई. त्या दिवशी आली होती का हो माय अंगात?"

तिनं दातानं दोरा तोडला. "नियम कोनाचा व्हता, बाई?"

"आमचा."

"मंग तुमच्या अंगात याले पायजे व्हता. तुमी तिथी खुर्चीवर बसल्या व्हत्या, मी पाह्यलं ना. पदर तोंडाले लावून हासून राह्यल्या व्हत्या. तुमी एक डाव उभ्या राहून बोंबलल्या असत्या, तं मायले कायले तरास देल्ला असता मी?"

टिपणं मी पुष्कळ लिहिली, पण उभी राहून बोंबलले कधीच नाही, हे खरंच होतं. तिला माझी दया आली असावी. डब्याकडे बोट करून म्हणाली, "हे काय आनलं?"

"रंग. दगडाला निळा लावायचा राहिला होता. हुकूम आलाय."

ती हसली, दात नसलेलं तोंड भरून हसली.

"नोको लावू, बाई. ती माय हाय तोवर जागेवर बसली हाय. सरकारची झाली का तिले पाय फुटतीन."

मी डब्याचं झाकण उघडलंच नाही. तो आता लेकीकडे जिन्याखाली पडला आहे. निघताना मी चपला काढल्या, आणि आमच्याच खात्याच्या, आमच्याच ठेकेदाराच्या, अर्ध्या रंगवलेल्या त्या दगडापुढे वाकले.

म्हटलं, "माय, हलू नको बरं."